उतरण्याची जागा

नाकाचे हाड मोडते तेव्हा फारसा आवाज होत नाही. वाळलेली शेंग बोटांत दाबावी, इतकाच. तो प्रेक्षागारातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून लीगच्या व्यवस्थापनाने मैदानाच्या लाकडी फळ्यांखाली ध्वनिग्राहक बसवले होते. छताला टांगलेल्या पडद्यांवर तोच प्रसंग संथ गतीने, रक्ताचा रंग किंचित गडद करून, पुन्हा दाखवण्याची सोयही केली होती. संस्कृतीच्या आजवर पुष्कळ व्याख्या झाल्या. त्यांपैकी एकीतही या सोयीला अद्याप स्थान मिळालेले नाही, ही विद्वानांची दिरंगाई म्हणावी लागेल.

ते नाक शलाका भोयरच्या कोपराने मोडले होते. पुण्याच्या संघातील ती मुलगी गुडघ्यांवर बसली, तिने तोंडाखाली ओंजळ धरली, आणि ओंजळ भरली. नागपूर संघाची कर्णधार शलाका तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. नळाची गळती नेमकी कुठून होते आहे हे पाहावे, तशी ती त्या ओंजळीकडे पाहत होती. मग ती वळली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

सारे प्रेक्षागार तिच्या नावाचा घोष करीत होते. तिने काय केले नाही, हे मात्र एका व्यक्तीखेरीज कोणाच्याही लक्षात आले नाही. ती व्यक्ती म्हणजे इरा साठवणे. इरा कोल्हापूर संघाकडून खेळत असे. पण त्या वर्षी लीगचे सर्व सामने नागपुरातच असल्यामुळे दोघी एकाच घरात राहत होत्या. तशा त्या लहानपणापासून एकत्रच होत्या. नागपूरच्या महाल भागातल्या एका सिमेंटच्या मैदानावर दोघी बास्केटबॉल शिकल्या होत्या, आणि तिथे कोणत्याही नियमपुस्तिकेत नसलेली एक रीत होती: पाडणाऱ्याने उचलायचे. पडलेल्याने आपण होऊन उठायचे नाही, आणि ज्याच्यामुळे तो पडला त्याने हात देईपर्यंत चेंडूला कोणी शिवायचे नाही. सिमेंटवर खेळणाऱ्या मुलांना एकमेकांच्या गुडघ्यांची चांगलीच ओळख असते. त्या ओळखीतून ही रीत आली असावी. शलाकाने ती व्यावसायिक मैदानावरही पाळली होती. समालोचक तिची चेष्टा करीत, आणि पुढे तीच चेष्टा तिच्या लौकिकाचा भाग झाली.

सामन्यानंतर इराने तिला कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर गाठले.

"तू तिले उचललं नाही."

"कोणाले?"

"जिचं नाक फोडलं तिले."

शलाकाने क्षणभर आठवून पाहिले. "अरे हो. राहिलंच."

"राहिलं म्हणजे काय वं? दही आणायचं राहिलं का?"

"चिडू नको ना बे. पुढच्या वेळी नाही विसरणार. कोणीही पडू दे, पहिले हात देईन. बस?"

ती हे मनापासून म्हणाली. इराला भीती वाटली ती त्यामुळेच.

*

त्याआधीच्या मोसमात दोघी एकाच संघात होत्या. सरावाच्या वेळी शलाका चेंडूसाठी उंच उडाली आणि उतरताना तिचा उजवा पाय इराच्या बुटावर पडला. घोटा आत वळला. बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना एकत्र धरणारा पट्टा, उसवल्यासारखा फाटला. इराने रीतीप्रमाणे हात दिला, आणि शलाकाला उभे राहता येत नाही हे पाहून तिला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत नेले. दोघींपैकी मोठ्याने रडत होती ती इरा. त्यानंतर लवकरच खेळाडूंचा लिलाव झाला (हा शब्द उच्चारताना आपल्याकडे कोणालाही अडखळल्यासारखे होत नाही), आणि इरा कोल्हापूरच्या वाट्याला आली.

अस्थिबंध भरून आला, पण पाय बरा झाला नाही. उडी मारून खाली येताना, जमीन लागण्याच्या निमिषभर आधी, पोटरी आवळून घेई, पाऊल कचरे, आणि त्या कचरण्यानेच घोटा पुन्हा मुरगळे. पट्ट्या झाल्या, व्यायाम झाले, स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाची इंजेक्शने झाली. शेवटी संघाने तिला डॉक्टर उत्पल केळापुरे यांच्याकडे पाठवले.

"तुमचा घोटा बरा आहे," केळापुरे पडद्यावरची छायाचित्रे दाखवीत म्हणाले. "मेंदूला ते पटलेलं नाही, एवढंच. वेदना झाल्यावर मग सावध व्हायचं, इतका मेंदू भोळा नसतो. तो आधीच भाकीत करतो. आता दुखणार, असं त्यानं ठरवलं की पाय आवळतो. जखम भरली, भाकीत तसंच राहिलं."

"मग ते भाकीत काढायचं कसं?"

"त्यासाठीच 'निष्कंप' हे औषध आहे. पिसाळलेलं कुत्रं पायाला चावतं, तरी रोग डोक्यात होतो. ठाऊक आहे ना? तो विषाणू मज्जातंतूच्या आतून चढत मेंदूपर्यंत जातो. आमच्या लोकांनी त्याचं विष काढलं आणि चढण्याची विद्या तेवढी ठेवली. घोट्यात इंजेक्शन द्यायचं; तो वर जातो आणि भाकीत करणाऱ्या पेशींमधलं एक प्रथिन बंद पाडतो. वेदना झाली तर ती कळेल. तिची धास्ती तेवढी राहणार नाही. पेशी हळूहळू पूर्वपदावर येतात, म्हणून दर महिन्याला सुई घ्यावी लागेल."

"म्हणजे कुत्र्याला त्रास न देता पिसाळायचं," शलाका म्हणाली. केळापुरे मनमोकळे हसले. विनोद खरोखरच चांगला होता.

पहिल्या इंजेक्शनानंतर काही दिवसांनी, दवाखान्याच्या मागच्या अंगणात, तिने उडी मारून पाहिली. पाऊल जमिनीवर टेकले आणि जागच्या जागी राहिले. तिने पुन्हा उडी मारली, मग पुन्हा. इरा पायरीवर बसून पाहत होती. शेवटी तिने ओढणीत तोंड लपवले. त्या दिवशी दोघींना वाटलेल्या आनंदात काहीही खोटे नव्हते. पुढे जे घडले ते या आनंदाच्या पोटातूनच घडले, म्हणून त्याची नोंद करणे भाग आहे.

औषधाच्या माहितीपत्रकात एक गोष्ट नव्हती. निसर्ग काटकसरी आहे. दुसऱ्याच्या वेदनेसाठी त्याने मेंदूत वेगळी खोली बांधलेली नाही. परक्याचे बोट दारात चेंगरताना आपण पाहतो तेव्हा आपल्याच वेदनेचे भाकीत करणाऱ्या पेशी कामाला लागतात, वर फक्त नाव दुसऱ्याचे असते. अनुकंपा हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी कवटी उघडून पाहिली नव्हती, पण एकाच्या कंपामागोमाग दुसऱ्यात कंप उठतो एवढे त्यांनी नीट न्याहाळले होते. औषधाचे नामकरण करणाऱ्याला संस्कृत येत असावे. त्याला आणखी काय काय ठाऊक होते, हे विचारण्याची सोय आता उरलेली नाही.

*

नाक मोडल्याच्या आठवड्यातच इरा स्वयंपाकघरात सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळत होती. झारा हातातून निसटला, आणि उकळते तेल तिच्या मनगटावर उडाले. शलाका दाराला टेकून वडी खात होती. इरा किंचाळली. मनगटाची कातडी आधी पांढरी पडली, मग सुरकुतली, मग तिच्याखाली पाणी धरून ती वर उचलली गेली. हे सर्व होईपर्यंत शलाका पाहत होती आणि चावत होती.

"बघून काय राहिली? नळ सोड ना!"

शलाकाने लगेच गॅस बंद केला, नळ सोडला, इराचा हात पाण्याखाली धरला. धरण्यात कुठेही चूक नव्हती. एखाद्या प्रथमोपचाराच्या वर्गात तिला पहिला क्रमांक मिळाला असता.

इराने तिच्याकडे पाहिले. ही तीच मुलगी होती, जी इराच्या तळव्यातला काटा काढायला सुई आणली की घराबाहेर पळून जात असे.

"तू काय बघून राहिली होती, शलू?"

"फोड कसा वर येते, ते."

"मले दुखून राहिलं, हे दिसलं नाही तुले?"

"दिसलं ना. तू ओरडली की." शलाका थोडी गोंधळली होती, उत्तर बरोबर असूनही परीक्षक का रागावला, हे न कळलेल्या हुशार विद्यार्थ्यासारखी. "अजून काय करायले पाहिजे होतं? सांग ना. पुढच्या वेळी करीन."

इराने हात ओढून घेतला आणि फोडावर काही न लावताच ती आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शलाकाला केळापुरेंच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांना आश्चर्य वाटले नाही. त्यांनी इराच्या मनगटावरची जखम पाहिली, खुर्ची मागे सरकवली आणि चष्मा काढला.

"होतं असं काही जणांना. औषध ठरल्याहून थोडं पुढं जातं."

"हे चाचणीत दिसलं नाही?" इराने विचारले.

"चाचणी घोट्याची होती, बाई. माणूस कसा आहे, असा रकानाच नव्हता."

"आणि आता दिसतंय, तर?"

"आता संघ खूश आहेत." केळापुरे चष्मा पुसू लागले. "घोटा ठणठणीत असलेल्या मुलीसुद्धा घोट्याचं इंजेक्शन मागतात. बाकीच्या घेतात, मग हिनंच कचरत खेळायचं का? व्यवस्थापन याला 'स्पर्धात्मक स्पष्टता' म्हणतं. मी शोधलेला शब्द नाही तो."

"थांबवलं तर?"

"काही महिन्यांत सगळं परत येईल. पायाचं कचरणंही."

शलाका हे दुसऱ्या कोणाविषयी चालले असावे, तशी ऐकत होती. मग म्हणाली, "अंतिम सामना होऊ दे. त्यानंतर थांबवते."

"आत्ता थांबव, शलू."

"हा माझा शेवटचा मोसम असू शकतो, इरा. आणि मी काय राक्षसीण झाले का? चांगलं काय, वाईट काय, सगळं कळतं मला. कोणाला मारू नये हे पाठ आहे."

"पाठच आहे," इरा म्हणाली. "अंतिम सामन्यात समोर मी असेन."

"तुला माझ्यामुळे काही होणार नाही. शब्द देते."

शलाका खोटे बोलत नव्हती. वचन पाळणे ही बुद्धीची गोष्ट आहे, असा तिचा समज होता. नीतिशास्त्रावर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्या पुष्कळ सुरक्षित माणसांचाही तो आहेच. त्यांच्या घोट्यांत कोणी सुई टोचलेली नसल्यामुळे तो आजवर पडताळून पाहिला गेला नव्हता, इतकेच.

*

अंतिम सामन्याच्या पूर्वार्धात कोल्हापूरच्या एका मुलीचे बोट मागे वळून मनगटाला टेकले. दुसरीचा दात फळ्यांवर पडला. मैदान पुसणाऱ्या यंत्राने तो घामाबरोबर गिळला. नागपूरच्या मुलींच्या चेहऱ्यांवर रागाचा लवलेशही नव्हता. रागात निदान समोरच्याचे अस्तित्व मान्य केलेले असते. या मुली भाजी निवडावी तशा स्वच्छ मनाने एकेक अडथळा दूर करीत होत्या. पंच शिट्ट्या वाजवीत होते आणि शिट्ट्यांना टाळ्या पडत होत्या. शलाकाने मात्र ज्या ज्या मुलीला पाडले तिला तिला हात देऊन उभे केले. ती विसरली नाही.

तरीही नागपूर मागे होते, कारण इराचे लांबून टाकलेले चेंडू एकामागून एक बास्केटमध्ये जात होते. विश्रांतीच्या वेळेत प्रशिक्षक सबनीस शलाकाजवळ उकिडवे बसले. सबनीस सुसंस्कृत गृहस्थ होते. कोणाला इजा कर, असे ते जन्मात कधी म्हणाले नव्हते.

"इराला थांबवायला हवं," ते म्हणाले. "ती हवेत असते तोवर तिचं कोणी काही करू शकत नाही. पण तिची उतरण्याची जागा तुझ्याइतकी कोणाला माहीत आहे?"

शलाकाने मान डोलावली. तिला माहीत होती. महालातल्या मैदानावर, इरा जिथून चेंडू टाकत असे त्या जागी, सिमेंटला भेग होती. भेगेत पाय अडकू नये म्हणून इरा लहानपणापासून हवेतच किंचित उजवीकडे सरके आणि डावे पाऊल आधी टेकवी. भेग केव्हाच बुजवली गेली होती. इराच्या शरीराला ते कोणी कळवले नव्हते.

सामना संपत आला असताना इराला चेंडू मिळाला. शलाका समोर होती. इरा उडाली.

शलाकाला तिचे वचन आठवले. पुसट आठवले असे नाही. शब्दन् शब्द, दवाखान्यातला वास, चष्मा पुसणारी बोटे, सगळे लख्ख आठवले. आजवर अशा वेळी तिला काहीतरी अडवीत आले होते. ते विचाराच्या आधी येई, पोटातून येई आणि पाऊल धरून ठेवी. शलाका त्याची वाट पाहत राहिली. वचन पाळण्याचे काम तिने, स्वतःच्याही नकळत, त्याच्यावर सोपवले होते. ते आले नाही. मग तिने आपला पाय, मापात, इराच्या उतरण्याच्या जागी सरकवला.

इराचे डावे पाऊल त्यावर पडले आणि आतल्या बाजूला उलटले. सारा भार नडगीवर आला. हाड मोडले, आणि त्याचे टोक मोज्याच्या वर कातडी फाडून बाहेर आले. फळ्यांखालच्या ध्वनिग्राहकांनी आपले काम चोख केले. त्यानंतरची इराची किंकाळी टिपायला यंत्रांची गरज नव्हती.

पंचाची शिट्टी झाली. शलाकाने खाली पाहिले. पांढरे टोक, त्याभोवती काळसर रक्त, मोज्याचा बदलणारा रंग. हे तिने लक्षपूर्वक पाहिले. मग तिला आठवले की आपण काहीतरी विसरू नये असे ठरले होते.

ती वाकली आणि तिने हात पुढे केला.

इराची शुद्ध हरपत होती. पण शुद्ध जाते त्यानंतरही सवय थोडा वेळ मागे राहते. वर्षानुवर्षे पडल्यावर जो हात समोर आला, तोच हात समोर होता. तिने तो धरला.

"ऊठ," शलाका म्हणाली, आणि तिने ओढले.

इरा उभी राहिली. मोडलेला पाय जमिनीवर टेकला, हाडाचे टोक आणखी वर आले, आणि पाय मध्येच, जिथे कोणताही सांधा नाही अशा जागी, वाकला. इराच्या तोंडून या वेळी आवाज निघाला नाही. शलाकाने तिला दोन्ही हातांनी नीट उभे धरले होते, पडू नये म्हणून.

प्रेक्षागार गप्प झाले. तिथे बहुधा प्रथमच अशी शांतता पसरली, आणि ती टिकली असती तर या देशाविषयी थोडी आशा बाळगता आली असती. मग समालोचक भरल्या गळ्याने म्हणाला, "भोयर आपली रीत विसरलेली नाही. याला म्हणतात खिलाडूवृत्ती." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

नागपूर जिंकले.

*

ठरल्याप्रमाणे शलाकाने इंजेक्शने थांबवली. त्यात पश्चात्ताप नव्हता. अंतिम सामन्यानंतर थांबवीन असे ती म्हणाली होती, म्हणून थांबवली. इराने सामान दुसरीकडे हलवले होते. ती फोन घेत नसे. पायावर शस्त्रक्रिया झाली आणि ती यशस्वी झाली, एवढे शलाकाला बातम्यांवरून कळले होते.

काही महिन्यांनी जिना उतरताना तिचे उजवे पाऊल कचरले. मग ते रोजच कचरू लागले. एकदा बाजारात कोयत्याने नारळ फोडणाऱ्या माणसाकडे पाहताना तिने चटकन आपली बोटे मुठीत घेतली, आणि असे का केले हे न कळून ती तिथेच उभी राहिली.

एका सकाळी ती महालातल्या मैदानावर गेली. इरा तिथे एकटीच खेळत होती.

इराचा पाय सरळ होता. नडगीवर लांब, चकचकीत व्रण होता. तिने चेंडू उचलला, ती उडाली, हवेत किंचित उजवीकडे सरकली, आणि डावे पाऊल सिमेंटवर टेकले.

तो आवाज शलाकाच्या पायात शिरला. मग वर चढला. महिनोन् महिने कुठेतरी अडवून ठेवलेली ती किंकाळी तिला आता ऐकू आली; पांढरे टोक आता दिसले. आपल्या हातांनी ओढल्यावर त्या हाडाचे काय झाले, ते तिला स्वतःच्या नडगीत कळले. ती गुडघ्यांवर पडली आणि सिमेंटवर ओकली.

इरा चेंडू काखेत धरून जवळ आली. हातभर अंतरावर थांबली आणि पाहू लागली.

"काय झालं वं?"

"तुहा पाय," शलाकाला श्वास पुरत नव्हता. "इरे, मले आता दुखून राहिलं. आता. मी काय केलं ते..."

"पाय मस्त आहे माहा. केळापुरेंकडेच जाते ना मी. दर महिन्याला."

शलाकाने मान वर केली. इराच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती कुतूहलाने शलाकाच्या ओठावरून ओघळणारी लाळ पाहत होती.

"तू कशाले घेतलं ते? तुले तर माहीत होतं."

"तुह्यासाठीच घेतलं. कोणी तुहं नाव जरी घेतलं तरी पाय लटलट कापायचा माहा. खेळू कशी? आता बघ, तू समोर आहे. काहीच होत नाही."

शलाकाने हात वर केला. "उचल ना मले, इरे."

इराने त्या हाताकडे पाहून विचार केला. रीत तिला पूर्ण आठवत होती.

"पाडणाऱ्यानं उचलायचं," ती म्हणाली. "मी कुठं पाडलं तुले?"

उत्तर बरोबर होते. ती वळली, बुजवलेल्या भेगेजवळ जाऊन उभी राहिली, आणि उडाली. शलाकाने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि ते पाऊल खाली येण्याची वाट पाहत राहिली.